मृत्युपत्रात बदल करायचाय? खाडाखोड करू नका, पुरवणी करा

मृत्युपत्र एकदा केलं की काम संपलं असं समजून ते कपाटात जातं. मग इमारत पुनर्विकासाला जाते, एखादा वारस आधी वारतो, साक्षीदार परगावी जातो, आणि कागद मात्र जुनाच राहतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खाडाखोडीने. ‘सदनिका क्र. 7’ वर रेघ मारायची, वर नवा क्रमांक लिहायचा, बाजूला सही आणि तारीख टाकायची. हिशेबाच्या वहीत हे चालतं, मृत्युपत्रात चालत नाही. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 71 नुसार अशा बदलाजवळ किंवा समासात तुमची आणि साक्षीदारांचीही सही लागते. ती नसेल तर बदल धरला जात नाही, आणि रेघेखालचा वाचता येणारा जुना मजकूरच कायम राहतो. लोकांनी स्वतःच्या हाताने आणि चांगल्या हेतूने केलेला बदल असा वाया जातो, याचं फार वाईट वाटतं.

बदल लहान असेल तर पुरवणी मृत्युपत्र, म्हणजे कोडिसिल करा. मोठा असेल तर सरळ नवं मृत्युपत्र करा आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ हे वाक्य घालाच. दोन्हींना नियम एकच: तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असायला हवं, आणि किमान दोन साक्षीदारांनी तुमची सही प्रत्यक्ष पाहून, किंवा ती तुमचीच असल्याचं तुमच्या तोंडून ऐकून, तुमच्यासमोर सही करायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने तुमच्याहून लहान निवडा, कारण पुढे कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करताना हयात साक्षीदारापैकी निदान एकाची साक्ष लागते. बरोबरीच्या मित्रांना उभं करणारे हे विसरतात.

लग्नाबाबत उलटसुलट ऐकायला मिळतं. ख्रिश्चन किंवा पारशी व्यक्तीचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं. हिंदूंचं होत नाही. म्हणजे लग्नाआधी सगळं भावाच्या नावे लिहून ठेवलं असेल, तर ते लग्नानंतरही तसंच उभं राहतं. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. त्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.

नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क लागत नाही. मूळ कागद, ओळखपत्रं, फोटो आणि दोन्ही साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधकांकडे जायचं. डॉक्टरांचा दाखला कायद्याने बंधनकारक नाही, तरी वय झालं असेल तर त्याच दिवशीचा घ्या. ‘चार महिने उलटले, आता नोंदणी होणार नाही’ असं सांगून माणसांना परत पाठवलं जातं तेव्हा संताप येतो. चार महिन्यांची मुदत इतर दस्तांना आहे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 27 नुसार मृत्युपत्र केव्हाही नोंदवता येतं. कोणी अडवलं तर शांतपणे हे कलम दाखवा.

जुनं मृत्युपत्र नोंदलेलं असलं तरी नंतरचं, रीतसर केलेलं आणि न नोंदलेलं मृत्युपत्रही त्याला रद्द करू शकतं. मात्र जुन्याची झेरॉक्स फाडून काहीही साधत नाही.

आता नॉमिनी. बँकेत किंवा सोसायटीत नाव बदललं म्हणजे मृत्युपत्र बदललं, असं होत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण सर्वसाधारणपणे तो ते वारसांच्या वतीने घेतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते. म्हणून मृत्युपत्र बदलाल त्याच आठवड्यात सगळ्या नॉमिनेशन ताडून पाहा.

आणि मालमत्तेचं वर्णन ताज्या कागदावरून उतरवा. विकलेलं घर मृत्युपत्रात ज्याच्या नावे असेल त्याला त्या घराच्या बदल्यात पैसेही मिळत नाहीत. पुनर्विकासात मिळालेल्या सदनिकेचा नवा क्रमांक नव्या करारनाम्यात असतो. तो करारनामा हाती नसेल तर आधी त्याची नोंदणीकृत प्रत काढा, मगच वकिलाकडे जा.