रिफ्लेक्शन लेखन (विद्यार्थी संशोधन प्रकल्प)

प्रोजेक्ट करताना आपण काय ठरवलं, कुठे अडलो, मधेच काय बदललं आणि शेवटी हाती आलेल्या निष्कर्षावर आपलाच किती भरवसा आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहून काढणं म्हणजे रिफ्लेक्शन लेखन. ते मुख्य अहवालाला जोडून किंवा लॉगबुकमध्ये (प्रोजेक्टच्या नोंदवहीत) लिहितात.

उगम : बहुतेक जण सुरुवात अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारवंत जॉन ड्यूईपासून करतात (१९१०, सुधारित मांडणी १९३३). माणूस खरा विचार करायला लागतो तो अडचण आली, शंका आली की, हा त्याचा मुद्दा. काही जण डोनाल्ड शॉनला (१९८३) जास्त मान देतात, त्याने काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यावरचा विचार असे दोन भाग पाडले. डेव्हिड कोल्बचं अनुभवातून शिकण्याचं चक्र १९८४ चं, पण त्याचं मूळ तो स्वतःच लेविन, ड्यूई आणि पियाजे यांच्याकडे नेतो. ग्रॅहम गिब्जचे रिफ्लेक्शनचे सहा टप्पे १९८८ चे. ‘काय झालं, त्याचं काय, आता पुढे काय’ ही तीन प्रश्नांची रीत नर्सिंगवाल्यांच्या लिखाणात बरेचदा ड्रिस्कॉलच्या नावावर (१९९४) दिसते, पण हेच तीन प्रश्न टेरी बोर्टनने १९७० मध्येच शाळेतल्या मुलांसाठी मांडले होते, त्यामुळे श्रेय बोर्टनला देणं जास्त बरोबर वाटतं. प्रोजेक्टपुरतं बोलायचं तर शॉनची विभागणी सगळ्यात कामाची, कारण चालू कामातला विचार त्याच दिवशी लिहिला नाही तर नंतर तो आठवणीने गुळगुळीत होऊन जातो.

नाशिकमध्ये : शाळकरी मुलांना याची ओळख बहुधा राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या (१९९३ पासून, वय १० ते १७) लॉगबुकमधून होते, बीएडला कृती संशोधनातून (शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेल्या संशोधनातून). महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) इथलंच, आणि एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रिफ्लेक्शन लिहावंच लागतं.

प्रामाणिक म्हणजे कसं : समजा गोदावरीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने (पाण्यात रसायनं घालून) मोजायचाय. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड ही रसायनं तिथे घाटावरच घालायची. बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन पाण्यात जातो, रीडिंग जास्त येतं आणि मळकी नदी कागदावर बरी दिसते. ‘रामकुंडाच्या दुसऱ्या बाटलीत बुडबुडा होता, तो आकडा सरासरीत धरलेला नाही’ हे एक वाक्य खरं रिफ्लेक्शन. ‘खूप शिकायला मिळालं, सरांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं’ हे आभारप्रदर्शन झालं, ते तिकडेच शोभतं.

मार्कांचा वाद : रिफ्लेक्शनला मार्क द्यावेत का यावर एकमत नाही. मार्क नसतील तर कुणी लिहीत नाही, असले की मुलं परीक्षकाला आवडेल तेच लिहितात. बाउड आणि वॉकर यांनी १९९८ मध्येच ठरावीक साच्यात रिफ्लेक्शन भरून घेण्याबद्दल सावध केलं होतं, आणि त्यांचंच म्हणणं जास्त पटतं. मधला मार्ग म्हणून वेळेवर नोंदी केल्या का एवढंच तपासायचं, चूक कबूल केली म्हणून मार्क कापायचे नाहीत. ग्रुप प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाने आपापलं वेगळं लिहावं, एकाने लिहून चौघांनी सह्या केल्या तर कोणता निर्णय कुणाचा होता तेच कळत नाही.