विद्यापीठ सांघिक प्रोग्रामिंग स्पर्धेचे नियम

एकाच विद्यापीठातील तीन विद्यार्थी, त्यांच्यात मिळून एक संगणक आणि पाच तासांची मुदत, अशा चौकटीत होणारी प्रोग्रामिंगची स्पर्धा. या प्रकारातील सर्वांत मोठी आणि मानाची स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धा, अर्थात आयसीपीसी. विद्यापीठ पातळीवरच्या इतर अनेक स्पर्धांनी तिचेच नियम थोड्याफार फरकाने उचलले असल्याने या नोंदीत तीच प्रमाण मानली आहे.

स्पर्धेचे मूळ 1970 साली अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात झालेल्या एका स्पर्धेत आहे. 1977 मध्ये अटलांटा येथे पहिली अंतिम फेरी झाली. आज विद्यापीठाची अंतर्गत निवड, मग प्रादेशिक फेऱ्या आणि शेवटी जागतिक अंतिम फेरी अशा पायऱ्या आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला अंतिम फेरीत जास्तीत जास्त दोनदा आणि प्रादेशिक फेऱ्यांत जास्तीत जास्त पाच वर्षे उतरता येते. वयाची किंवा प्रवेशवर्षाची अटही असते. त्यामुळे तेच ते खेळाडू वर्षानुवर्षे जागा अडवून बसत नाहीत. दरवर्षी नवे संघ घडवावे लागतात आणि जुने खेळाडू पुढे प्रशिक्षक किंवा प्रश्नकर्ते म्हणून परततात.

तिघांना एकच संगणक, हा नियम सगळ्या नियमावलीचा कणा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही काटकसर वाटते, पण स्पर्धा सांघिक होते ती याच नियमामुळे. तिघांना तीन संगणक दिले असते, तर तिघांनी आपापले प्रश्न सोडवले असते आणि शेवटी फक्त बेरीज झाली असती. कीबोर्ड एकच असल्यामुळे त्यावर कोण बसणार, किती वेळ बसणार आणि कधी उठणार, हे संघाला सतत ठरवावे लागते. एक जण कोड लिहीत असताना दुसरा पुढच्या प्रश्नाची रीत कागदावर जुळवतो आणि तिसरा उरलेले प्रश्न वाचतो. कोड चुकला, तर मुरलेला संघ पडद्यासमोर डोके धरून बसत नाही. तो कोडची प्रिंट काढतो, कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती देतो आणि चूक कागदावर शोधतो. प्रिंट काढण्याची सोय नियमातच आहे. आयोजकांचे स्वयंसेवक ती संघाच्या टेबलावर आणून देतात.

प्रश्न किमान आठ असतात. अलीकडच्या बहुतेक अंतिम फेऱ्यांत ते 11 ते 13 पर्यंत गेले आहेत. सगळ्या संघांना एकाच क्षणी तेच प्रश्न मिळतात आणि ते सोपे-अवघड अशा क्रमाने मांडलेले नसतात. कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा हे ओळखणे हाही परीक्षेचाच भाग आहे. एखाद्या खास क्षेत्राच्या माहितीवर किंवा एखाद्याच भाषेच्या बारकाव्यांवर उत्तर अवलंबून असू नये, ही प्रश्नकर्त्यांची जबाबदारी असते. सी, सी++, जावा, पायथन आणि कॉटलिन या भाषांत उत्तर देता येते.

तपासणी यंत्रावर होते. संघाने पाठवलेला प्रोग्राम परीक्षकांच्या गुप्त टेस्ट केसवर, म्हणजे तपासणीसाठी आधीच ठरवलेल्या माहितीच्या नमुन्यांवर, चालतो आणि निकाल दोनच प्रकारचा असतो: मान्य किंवा अमान्य. नव्वद टेस्ट केस बरोबर आणि एक चूक, तरी गुण शून्य. शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये स्पर्धा वैयक्तिक असते आणि अर्धवट उत्तरालाही अंशतः गुण मिळतात. तिथून आलेल्यांना हा बदल सुरुवातीला फार जड जातो. नाकारताना यंत्र फक्त कारणाचा प्रकार सांगते: उत्तर चुकले, वेळमर्यादा ओलांडली, प्रोग्राम चालता चालता बंद पडला किंवा कंपाइलच झाला नाही, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदललाच नाही. कोणत्या टेस्ट केसवर चुकले हे कळत नाही.

वेळमर्यादा ही नुसती औपचारिकता नसते. समजा, एक लाख संख्यांमधून काही शोधायचे आहे. प्रत्येक संख्येची दुसऱ्या प्रत्येक संख्येशी तुलना केली, तर सुमारे हजार कोटी क्रिया होतात आणि काही सेकंदांच्या मर्यादेत ते सहसा बसत नाही. संख्या आधी क्रमाने लावून, दर पायरीला उरलेला भाग निम्मा करत शोध घेतला, तर काम साधारण 17 लाख क्रियांच्या आसपास आटोपते. उत्तर बरोबर येऊनही रीत संथ म्हणून नाकारले जाणे, हा अनुभव प्रत्येक नव्या संघाला येतो.

क्रमवारी सोडवलेल्या प्रश्नांच्या संख्येवर ठरते. संख्या सारखी असेल, तर ज्याची एकूण वेळ कमी तो संघ वर. मान्य झालेल्या प्रत्येक प्रश्नासाठी स्पर्धा सुरू झाल्यापासूनची मिनिटे धरतात आणि त्या प्रश्नावर आधी नाकारल्या गेलेल्या प्रत्येक प्रयत्नासाठी 20 मिनिटे दंड जोडतात. समजा, एका संघाचे तीन प्रश्न 18, 47 आणि 130 व्या मिनिटाला सुटले आणि दुसऱ्या प्रश्नावर दोन प्रयत्न वाया गेले. त्याची वेळ 18 + 47 + 40 + 130, म्हणजे 235 मिनिटे होते. दुसऱ्या संघाने एकही चूक न करता 40, 90 आणि 100 व्या मिनिटाला तीन प्रश्न सोडवले असतील, तर 230 मिनिटांवर तो पुढे जातो. जो प्रश्न शेवटपर्यंत सुटलाच नाही, त्यावरच्या फसलेल्या प्रयत्नांना मात्र दंड नाही. म्हणून अखेरच्या मिनिटांत धाडस करायला वाव राहतो.

या मोजणीतून एक डावपेच आपोआप निघतो. तीन प्रश्नांना 10, 20 आणि 60 मिनिटे लागणार असतील आणि ते याच क्रमाने सोडवले, तर वेळ 10, 30 आणि 90 मिळून 130 होते. उलट क्रमाने सोडवले, तर 60, 80 आणि 90 मिळून 230. मेहनत तेवढीच, पण फरक शंभर मिनिटांचा. म्हणूनच सुरुवातीचा अर्धा तास सोपे प्रश्न हेरण्यात जातो. दुसऱ्या संघांनी कोणता प्रश्न सोडवला हे स्कोअरबोर्डवर दिसत असते, त्याकडेही लक्ष ठेवले जाते. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी संघाच्या टेबलावर ठरलेल्या रंगाचा फुगा बांधण्याची जुनी प्रथा आहे, त्यामुळे मान वर केली तरी सभागृहाचा अंदाज येतो.

स्पर्धेदरम्यान संघाबाहेरच्या कोणाशी, अगदी आपल्या प्रशिक्षकाशीही बोलता येत नाही. इंटरनेट नसते, मोबाइल जवळ नसतो. सोबत असते ती संघाने आधीच तयार केलेली छापील संदर्भवही. अंतिम फेरीत तिला 25 पानांची मर्यादा आहे. आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी), भूमिती, स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) यांचे वारंवार लागणारे कोड तीत असतात, आणि ती बनवतानाच अर्धा अभ्यास होऊन जातो. प्रश्नाच्या मजकुरात संदिग्धता वाटली, तर परीक्षकांकडे लेखी खुलासा मागता येतो. आक्षेप मान्य झाला, तर खुलासा एकट्या संघाला न देता सर्वांना पाठवतात. न्याय्यतेच्या दृष्टीने हा नियम दिसतो त्याहून मोठा आहे.

शेवटच्या तासाला स्कोअरबोर्ड गोठवतात. संघ प्रयत्न पाठवत राहतात, पण इतरांना त्यांचे निकाल दिसत नाहीत. बक्षीस समारंभात तळच्या क्रमांकापासून एकेक लपलेला निकाल उघडत वर जातात आणि संघ सर्वांच्या डोळ्यांदेखत जागा बदलतात. अंतिम फेरीत सहसा चार सुवर्ण, चार रौप्य आणि चार कांस्य पदके दिली जातात, त्यामुळे बाराव्या-तेराव्या क्रमांकाची चुरस अनेकदा पहिल्या क्रमांकाइतकीच रंगते. 2015 साली मोरोक्कोतील मराकेश येथे सेंट पीटर्सबर्गच्या आयटीएमओ विद्यापीठाच्या संघाने तेराच्या तेरा प्रश्न सोडवले, तेही तिघांनी एकाच कीबोर्डवर.