आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा, तरी चेहरा ओळखू का येत नाही?

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘८ मेगापिक्सेल’ छापलेलं असतं. पण रेकॉर्डिंग उघडलं की गेटमधून पळत गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिपके दिसतात. मग दोष लेन्सवर जातो. खरं कारण बहुतेकदा रेकॉर्डरच्या मेनूमधल्या दोन आकड्यांत असतं: बिटरेट (सेकंदाला किती बिट माहिती ठेवायची) आणि आय-फ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर).

आधी हिशेब पाहू. १९२० × १०८० पिक्सेलचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला सरासरी १२ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट होतात. रेकॉर्डर मात्र त्याच कॅमेऱ्याला ४ मेगाबिटच्या आसपास जागा देतो, म्हणजे दीडशेपैकी जेमतेम एक भाग ठेवला जातो. हे काम कोडेक, म्हणजे व्हिडिओ लहान करून साठवण्याची पद्धत, करतो. २००३ साली आलेला एच.२६४ आणि २०१३ साली आलेला एच.२६५ हे सध्याचे दोन मुख्य कोडेक.

त्यांची युक्ती फार सुंदर आहे. बुद्धिबळाचा डाव लिहून ठेवताना प्रत्येक चालीनंतर पूर्ण पट काढत नाहीत. सुरुवातीची मांडणी ठरलेली, पुढे फक्त चाली. इथे आय-फ्रेम म्हणजे पूर्ण मांडणी, स्वतःच्या बळावर उघडणारं अख्खं चित्र. त्यानंतरच्या पी-फ्रेममध्ये फक्त बदल असतात. एच.२६४ चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो, तेही पाव पिक्सेलपर्यंत अचूक. सापडला तर ‘इतका उजवीकडे, इतका खाली’ एवढंच लिहितो. जुळणी अपुरी असेल तर उरलेला फरक वारंवारितांमध्ये (ढोबळ ते बारीक नक्षीत) मोडतो आणि त्या आकड्यांना ठरावीक पायरीने भागून जवळच्या पूर्णांकावर आणतो. बारीक तपशील जातो तो इथेच. पायरीची जाडी क्वांटायझेशन पॅरामीटर ठरवतो. तो ० ते ५१ असतो आणि दर ६ अंकांनी पायरी दुप्पट होते.

आता चौकोनी ठिपक्यांचं कारण कळेल. रिकाम्या अंगणात बदल नाही, त्यामुळे ४ मेगाबिट पुरून उरतात. कोणी धावत आलं की जुळणी बिघडते, लिहायचा फरक वाढतो, पण वरची मर्यादा तीच. एन्कोडर (कॅमेऱ्यातला कोडेक चालवणारा भाग) पायरी जाड करतो आणि चेहरा सपाट चौकोनांत विरघळतो. ज्या क्षणासाठी कॅमेरा लावला, नेमका तोच क्षण सर्वांत वाईट नोंदला जातो. रात्री तर माणूस नसतानाही हे होतं. अंधारात सेन्सरचा गेन (संकेत मोठा करण्याचं प्रमाण) वाढतो, प्रत्येक पिक्सेल थरथरतो, कोडेकला तो सगळा बदलच वाटतो आणि बिट त्या खरखरीवर खर्च होतात. बिटरेट न वाढवता २ ऐवजी ८ मेगापिक्सेल घेतले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पाव हिस्सा येतो.

यावरचा उपाय सोपा आहे. बिटरेट ‘व्हेरिएबल’ (गरजेप्रमाणे बदलणारा) ठेवा आणि कमाल मर्यादा सैल द्या: एच.२६५ मध्ये २ मेगापिक्सेलला ४ मेगाबिट, ८ मेगापिक्सेलला किमान ८. फ्रेम सेकंदाला १५ पुरतात. जागेचं गणित सरळ आहे. सतत ४ मेगाबिट म्हणजे दिवसाला ४३.२ गिगाबाइट, असे चार कॅमेरे २ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरतात.

आय-फ्रेम इंटरव्हल बहुतेक रेकॉर्डर सेकंदांत नाही, फ्रेममध्ये मागतात. २५ फ्रेमला ५० म्हणजे २ सेकंद. फ्रेम १० वर आणल्या आणि ५० तसेच राहिले, तर अंतर ५ सेकंदांचं होतं. प्लेबॅक आय-फ्रेमपासूनच सुरू होऊ शकतो, म्हणून हव्या त्या क्षणावर बोट ठेवलं तरी चित्र पुढेमागे उडी मारतं. त्याहून त्रासदायक म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे लहान तुकडे. २०० किलोबाइटची एक आय-फ्रेम सुमारे १४० पॅकेटांत येते. वायफायवर यूडीपीने (पोहोच न तपासता पाठवण्याची पद्धत) पाठवताना त्यांतलं एक हरवलं तरी पुढची आय-फ्रेम येईपर्यंत राखाडी डाग चित्रभर ओढला जातो. आरटीएसपी जोडणीत (कॅमेऱ्याचा व्हिडिओ रेकॉर्डरकडे आणणारी जोडणी) टीसीपी निवडा, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं. त्याहून बरी तार: पीओईच्या (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देण्याची सोय) ८०२.३एएफ प्रकारात पोर्ट १५.४ वॉटपर्यंत वीज देतं, अंतर १०० मीटरपर्यंत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल मात्र टाळा. तिचा रोध जास्त असल्याने लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच कॅमेरा रीस्टार्ट होतो.

मोबाइलवर धूसर दिसलं म्हणून घाबरू नका. तिथे बहुधा सबस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचा दुसरा, हलका व्हिडिओ येतो, ६४० × ३६० सारखा लहान. डिस्कवर मेनस्ट्रीम (पूर्ण दर्जाचा व्हिडिओ) लिहिला जातोय ना, एवढं तपासा. बाहेरून पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंतची वाट) उघडू नका, व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित, खासगी जोडणी) वापरा. २०१६ साली मिराय या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन इंटरनेटवर मोठे हल्ले केले होते.

आणि ‘एआय झूम’च्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पायरीने पुसलेला तपशील परत येत नाही. सॉफ्टवेअर तिथे शक्य वाटणारा चेहरा रचतं, तो त्या माणसाचा असेलच असं नाही. अनोळखी माणूस ओळखण्यासाठी मीटरला २५० पिक्सेल लागतात, असं सीसीटीव्हीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत धरलं होतं. म्हणजे १९२० पिक्सेलच्या चित्रात जेमतेम ७.७ मीटर रुंदीचा भाग बसतो. अख्खं अंगण एकाच कॅमेऱ्यात कोंबलं तर हा आकडा कधीच गाठता येत नाही.

चाचणी रात्रीच घ्या. कोणाला तरी नेहमीच्या वेगाने गेटमधून चालायला सांगा, मेनस्ट्रीमची फाइल काढा आणि चेहऱ्यावर थांबवा. चौकोन दिसले तर बिटरेटची मर्यादा वाढवा. चेहरा चालीच्या दिशेने फरपटलेला दिसला तर शटर १/२५ सेकंदावरून १/१०० सेकंदावर आणा आणि त्या जागी प्रकाश वाढवा. राखाडी डाग ओढला गेला तर कॅमेऱ्याला हात लावू नका, तार आणि वायफाय तपासा.