गोदावरीच्या पाण्यात औषध किती?

जुलै-ऑगस्टात मराठवाड्यात कपाशी-सोयाबीनवर फवारण्या जोरात असतात. त्यातच मोठा पाऊस झाला की शिवारातलं पाणी ओढ्या-नाल्यांनी दुधना, सिंदफणा अशा नद्यांत उतरतं आणि पुढे गोदावरीत. त्यात औषधाचा अंश किती?

युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे १० हजार लिटरचे एक हजार टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. मावा-तुडतुड्यांवर मारतात त्या १७.८ टक्क्यांच्या इमिडाक्लोप्रिडचा साधारण एक छोटा चमचा! आपलं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, औषधागणिक वेगळा आकडा देतं: मोनोक्रोटोफॉसला १ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरीफॉसला तब्बल ३०.

इतकं विरळ औषध थेट मोजणं अवघड. म्हणून लिटरभर पाणी एका शोषक नळीतून सोडतात; औषध तिथे अडकतं, ते मिलिलिटरभर मिथेनॉलमध्ये उतरवून घेतात. हजारपट दाट झालेला हा अर्क क्रोमॅटोग्राफमध्ये जातो. तिथे रेणू वेगळे होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते फोडून, तुकड्यांच्या वजनावरून ओळखतो.

यंत्र सहसा दगा देत नाही. घोळ होतो तो नदीकाठी. आपल्या काळ्या मातीचा गाळ क्लोरपायरीफॉस धरून ठेवतो, इमिडाक्लोप्रिड मात्र पाण्यासोबत निघून जातं. नमुना गाळला आणि गाळ फेकून दिला, की पहिलं औषध हिशेबातूनच गेलं. प्लास्टिकच्या बाटलीलाही ते चिकटतं, म्हणून गडद काचेची बाटली आणि बर्फाची पेटी हवी. गढूळ पाण्यातले इतर पदार्थ यंत्राचा संकेत दाबतात ते निराळंच. त्यासाठी नमुन्यात आधीच औषधाचा जुळा रेणू ठरावीक मात्रेत घालतात; तो रचनेने तसाच, पण त्यातले काही अणू जड समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंचे, असतात, म्हणून यंत्राला वेगळा दिसतो. त्याचा संकेत जेवढा घटला, तेवढी दुरुस्ती मूळ औषधाच्या आकड्याला.

सगळ्यात मोठा प्रश्न वेळेचा. लहान ओढ्यात औषधाची लाट काही तासांत येऊन ओसरते. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बाटली भरणाऱ्याला ती सापडली तर नशीब. पाण्यात दोन-तीन आठवडे टांगून ठेवायचे शोषक मिळतात, पण ते सरासरी सांगतात, शिखर नाही. पैसे बेताचे असतील तर वर्षभर बाटल्या भरण्यापेक्षा फवारणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत, पाणी चढत असतानाच नमुने घ्यावेत, असं माझं मत. आणि अहवालात ‘आढळलं नाही’ असेल, तर शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण, विचारावी. ती १ मायक्रोग्रॅम असेल, तर ०.५ असतानाही प्रयोगशाळा तेच लिहील.