मलेरिया एकच, वॉर्डावॉर्डांत वेगळा

आफ्रिकेत मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात गंभीर मलेरिया म्हणजे बहुतेकदा लहान मूल. एक-दोन दिवसांचा ताप, मग झटके, मग शुद्ध हरपलेली. कुणाचं हिमोग्लोबिन 5 च्याही खाली उतरलेलं, कुणाला जोराची धाप. ओडिशात राउरकेल्याच्या इस्पात रुग्णालयात मात्र खाटेवर कमावता माणूस दिसतो. आठवडाभर ताप अंगावर काढलेला, डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. त्याला डायलिसिस लागू शकतं, फुप्फुसात पाणी होऊ शकतं.

परजीवी दोन्हीकडे तोच, फाल्सिपेरम. तो ज्या तांबड्या पेशीत वाढतो ती चिकट होऊन केशवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते आणि पुढचा रक्तपुरवठा अडतो. फरक पडतो तो वयाने आणि प्रतिकारशक्तीने. जिथे डास बारमाही चावतात तिथे जगलेलं मूल पाचेक वर्षांत गंभीर आजारापुरतं तरी तयार होतं, म्हणून सगळा मार तान्ह्यांवर आणि लहानग्यांवर. भारतात लागण तुलनेने कमी, त्यामुळे तिशीतलं शरीरही कोरंच असतं, आणि प्रौढांत कावीळ व मूत्रपिंड निकामी होणं अधिक दिसतं.

आफ्रिकेत आणखी एक पेच आहे. तिथल्या पुष्कळ धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी सापडतात. मग बेशुद्ध मुलाची स्लाइड पॉझिटिव्ह आली, तरी दोष मलेरियाचाच कशावरून? ब्लँटायरमध्ये मेंदूच्या मलेरियाचे सगळे निकष पुरे करून दगावलेल्या 31 मुलांचं शवविच्छेदन झालं. त्यांतल्या 7 मुलांचा मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला होता. 2004 साली हे प्रसिद्ध झालं. खरा फरक सांगितला तो डोळ्याने: दृष्टिपटलावर पांढुरके चट्टे, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या, मध्ये पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव. मेंदूत जे घडतंय, ते बाहुलीतून दिसतं! या शोधाचं मला आजही अप्रूप वाटतं.

औषध मात्र दोघांना एकच लागू पडलं. भारतासह आशियातल्या चार देशांत, मुख्यतः प्रौढांवर, झालेल्या 2005 च्या चाचणीत क्विनीनऐवजी आर्टेसुनेट दिल्यावर मृत्यू 22 टक्क्यांवरून 15 वर आले. 2010 साली आफ्रिकेतल्या 5,425 मुलांत ते 10.9 वरून 8.5 वर आले.

आपल्याकडे गडचिरोलीत फाल्सिपेरमचा जोर आहे. मुंबईत पावसाळ्यात व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी भरपूर, प्लेटलेट घसरतात आणि सगळ्यांना आधी डेंग्यू आठवतो. व्हायव्हॅक्सला सौम्य समजायचे दिवसही गेले, कारण त्यानेही माणसं आयसीयूत जातात. नायजेरिया-मोझांबिकला नोकरी करून घरी परतलेल्यांचा धोका तर मला सर्वांत जास्त वाटतो. दोन-तीन आठवड्यांनी त्यांना ताप येतो, तेव्हा प्रवासाचं डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. त्यांनी तो देश पहिल्याच वाक्यात सांगावा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.