गाठ काढून झाली, मग केमो कशासाठी? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

गाठ काढून झालेली असते, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आलेला असतो, काखेतल्या ग्रंथींमध्ये काहीच नसते किंवा एखाद-दुसऱ्या ग्रंथीतच रोग सापडलेला असतो, आणि तरीही डॉक्टर केमोथेरपीचा विषय काढतात. शरीरात दिसण्यासारखे काही उरलेले नसताना इतके कडक औषध कशासाठी, हा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे. वैद्यकालाही तो दीर्घकाळ पडलेला असून, दर पिढीत त्याचे उत्तर बदलत आले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न उपस्थितच होत नव्हता. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग मूळ गाठीपासून काखेतल्या ग्रंथींकडे आणि तिथून पुढे, असा पायरीपायरीने पसरतो, म्हणून जितके जास्त कापावे तितका तो समूळ जाईल, अशी त्यामागची धारणा होती. त्यामुळे स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढल्या जात. मात्र, ज्या जागी शस्त्रक्रिया झाली ती जागा अगदी स्वच्छ राहूनही कित्येक स्त्रियांमध्ये काही वर्षांनी रोग हाडांत, यकृतात किंवा फुफ्फुसात पुन्हा दिसे, आणि याचे समाधानकारक स्पष्टीकरण त्या धारणेत नव्हते. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी पुढे जी भूमिका मांडली ती हॅल्स्टेड यांच्या नेमकी उलट होती : गाठ हाताला लागते तेव्हाच काही पेशी रक्तावाटे शरीरभर गेलेल्या असू शकतात आणि तिथवर सुरी पोहोचत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या केमोचा सगळा तर्क या एका वाक्यावर उभा आहे. केमो द्यायची ती दिसणाऱ्या रोगासाठी नव्हे, तर असू शकणाऱ्या रोगासाठी. तो खरोखर आहे की नाही, हे त्या वेळी कोणालाच पाहता येत नाही आणि निर्णयाची खरी अडचण तिथेच आहे.

अमेरिकेत १९५८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत थायोटेपा हे औषध शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवस, एवढेच दिले गेले. गाठ हाताळताना सुटलेल्या पेशी लगेच टिपाव्यात, असा हेतू होता. एकंदर फायदा नगण्य निघाला. पण पाळी अजून सुरू असलेल्या आणि काखेतल्या चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रियांच्या गटात मात्र फरक दिसला. वयाचा हा धागा तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

खरे वळण आले ते मिलानमधून. जियानी बोनाडोना यांनी सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल या तीन औषधांचा एकत्र प्रयोग केला. पहिल्या औषधाच्या गोळ्या चौदा दिवस, बाकीची दोन पहिल्या आणि आठव्या दिवशी शिरेतून, मग विश्रांती, आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा तेच, असे बारा वेळा, म्हणजे जवळजवळ वर्षभर. मळमळ रोखणारी आजची प्रभावी औषधे तेव्हा नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्षाची कल्पना येते. काखेतल्या ग्रंथींत रोग असलेल्या ३८६ स्त्रियांची ही चाचणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा २७ महिन्यांच्या टप्प्यावर केमो न घेतलेल्यांपैकी २४ टक्के, तर घेतलेल्यांपैकी ५.३ टक्के स्त्रियांमध्येच रोग उलटला होता. पुढच्या अभ्यासात सहा फेऱ्याही बारा फेऱ्यांइतक्याच उपयोगी ठरल्या. वीस वर्षांनंतरचा आढावा १९९५ मध्ये आला तेव्हा फायदा टिकून होता. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या गटात मात्र तो स्पष्ट दिसत नव्हता.

दरम्यान, जगभरच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करण्याचे काम १९८० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये सुरू झाले. एकत्रित केमोमुळे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात, असा त्यातला अलीकडचा निष्कर्ष आहे. हे प्रमाण ऐकायला भरघोस वाटते, पण ते कशाचे एकतृतीयांश, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मूळ धोका शंभरात तीस असेल तर केमोमुळे दहा जणी वाचतात. तोच धोका शंभरात सहा असेल तर दोघी वाचतात. चौघींना केमो घेऊनही रोग उलटतो आणि उरलेल्या चौऱ्याण्णव जणी केमोशिवायही बऱ्याच राहिल्या असत्या. त्या चौऱ्याण्णव जणी कोण, हे आधी सांगता येत नसल्यामुळे औषध मात्र शंभर जणींना द्यावे लागते.

ते सांगता येत नव्हते म्हणूनच कल सरसकट देण्याकडे झुकला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या २००० सालच्या सहमती परिषदेने, काखेतल्या ग्रंथी, पाळीची स्थिती किंवा गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देते की नाही याचा रिपोर्ट काहीही असो, स्तनापुरता मर्यादित रोग असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना केमोची शिफारस करावी, असे म्हटले. याला केवळ डॉक्टरांचा उत्साह म्हणणे अन्यायाचे होईल. अगदी थोड्या फायद्यासाठीही केमो सोसायला तयार असलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असते, हे रुग्णांच्या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. निरोगी माणूस बाहेरून जो हिशेब करतो, तो आजारी माणसाचा नसतो.

त्याच सुमारास गाठीतल्या जनुकांचे वाचन शक्य झाले. नेदरलँड्समधील सत्तर जनुकांची चाचणी २००२ मध्ये, तर एकवीस जनुकांवरून रोग उलटण्याचा धोका दाखवणारा शून्य ते शंभर असा गुणांक देणारी अमेरिकी चाचणी २००४ मध्ये पुढे आली. प्रत्येकीला एकतृतीयांश फायदा होतो हे जुने गृहीतकच इथे डळमळले, कारण गुणांक कमी असलेल्या गाठींवर केमोचा परिणाम जवळपास होतच नव्हता. याच एकवीस जनुकांच्या गुणांकावर आधारलेली, दहा हजारांहून अधिक स्त्रियांची टेलरएक्स चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. संप्रेरकांना प्रतिसाद देणारी, हर-टू (गाठीच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन) नसलेली आणि काखेत न पसरलेली गाठ असेल व गुणांक ११ ते २५ असेल, तर केवळ संप्रेरकरोधक औषधे घेणाऱ्या आणि त्यांच्या जोडीला केमोही घेणाऱ्या, अशा दोन्ही गटांत नऊ वर्षांनी सुमारे ९४ टक्के स्त्रिया हयात होत्या. (हर-टू असलेल्या किंवा दोन संप्रेरकांचे आणि हर-टू असे तिन्ही ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, नसलेल्या गाठींना हा हिशेब लागू होत नाही, तिथे गाठ अगदी लहान नसेल तर केमोचे पारडे सहसा जडच असते.)

पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये गुणांक सोळाच्या पुढे गेला की केमोचा थोडा फायदा दिसू लागला आणि एकवीसच्या पुढे तो वाढला. एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रियांच्या २०२१ मधील चाचणीतही तेच घडले : गुणांक २५ पर्यंत असताना रजोनिवृत्तीनंतर काहीच फायदा नाही, पाळी सुरू असलेल्यांत मात्र पाच वर्षांनी सुमारे ५ टक्क्यांचा फरक. १९५८ च्या चाचणीत दिसलेला वयाचा धागा पुन्हा वर आला होता. केमोमुळे अंडाशयांचे काम मंदावते, कित्येकींची पाळी थांबते, आणि संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठीसाठी तोच एक उपचार ठरू शकतो. मग या वयातला फायदा पेशी मारल्याचा किती आणि पाळी थांबल्याचा किती? दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा असेल तर अंडाशयांचे काम इंजेक्शनने थांबवून, सोबत संप्रेरकरोधक गोळ्या देऊन केमो टाळता येईल. याची थेट तुलना करणाऱ्या चाचण्या सुरू आहेत. तोवर चाळिशीतल्या, गुणांक वीसच्या आसपास आलेल्या स्त्रीला दोन डॉक्टरांकडून दोन वेगळे सल्ले मिळू शकतात, आणि त्यांतला कोणताही एक निष्काळजीपणाचा असेल असे नाही.