ज्येष्ठांचा छळ : ओळख व तक्रार (सीमाभाग)

वयाची 60 वर्षे ओलांडलेल्या माणसाला ज्यांच्यावर त्याची भिस्त आहे त्यांच्याकडूनच होणारी मारहाण, अपमान, लुबाडणूक किंवा हेळसांड म्हणजे ज्येष्ठांचा छळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर सहा ज्येष्ठांपैकी एकाला वर्षभरात तो कोणत्या ना कोणत्या रूपात सोसावा लागतो.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात त्याचे सर्वांत फसवे रूप कागदाचे आहे. उतारे आणि दस्त कन्नडमध्ये, तर जुनी पिढी मराठी शाळेत शिकलेली किंवा शाळाच न पाहिलेली. ‘वारसा लावायचाय, अंगठा दे’ म्हणून सब-रजिस्ट्रार कचेरीत नेलेल्या आईने प्रत्यक्षात हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र दिलेले असू शकते. संध्या सुरक्षा या कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनच्या खात्याचे कार्ड नातवाकडे असणे यात गैर काही नाही. पण औषधाला पैसे मागितल्यावर ‘तुला कशाला हवेत?’ असे ऐकावे लागत असेल, तर विचारपूस व्हायला हवी.

अंगावरच्या खुणा वाचताना घाई नको. उतारवयात कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे हातावर काळेनिळे डाग सहज उठतात. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ, चेहऱ्यावर किंवा मानेवर मार, मनगटावर बांधल्याच्या खुणा आणि दर वेळी बदलणारे कारण, हे मात्र संशयास्पद. घटलेले वजन, पाठीला पडलेल्या अंथरुणाच्या जखमा, फुटून तसाच राहिलेला चष्मा यांतून हेळसांड दिसते. सुनेसमोर वा मुलासमोर विचारले तर ‘बरं चाललंय’ एवढेच ऐकू येणार. एकटे गाठूनच विचारावे. विसराळू माणसाची तक्रार ‘म्हातारचळ’ म्हणून झटकणे ही तर सर्रास होणारी चूक.

जिवाला धोका असेल तर 112, एरवी सल्ला-मदतीसाठी 14567 ही एल्डरलाइन. पोटगीचा, म्हणजे मुलांकडून निर्वाहाचा खर्च मिळण्याचा अर्ज 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या (सहायक आयुक्त) न्यायाधिकरणाकडे जातो. निपाणीकरांसाठी ते चिक्कोडीला. तिथे वकिलावाचून काम चालते, आणि ज्येष्ठाने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. मुलगा कोल्हापूर-पुण्यात असला तरी आई राहते तिथेच अर्ज चालतो, ही सीमाभागातल्या घरांसाठी मोठी सोय आहे. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने गाऱ्हाणे मराठीतही मांडता येते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असून पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे.

सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली परत मिळवता येते. ही अट दस्तातच लिहून घ्यावी. तोंडी वचन सिद्ध करताना दमछाक होते. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूलबाळ नसलेल्यांना ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडे पोटगी मागता येते.